मिठवाल्या डुड्डाचं मुकं शिंग

डुड्डा मिठवाल्याइतका भित्रा माणूस आमच्या एलरफोर्डात कधी जन्मला नाही, आणि बाहेरूनही तसा दुसरा कुणी आला नाही. मेलेल्या माणसाच्या माघारी बोलतोय असं समजू नका. जिवंतपणी त्याच्या तोंडावर शंभर वेळा बोललोय, आणि तो माझ्याच घरची जवाची दारू पीत मान हलवायचा. "खरं आहे रे सीब्बा. पण म्हातारपण भित्र्यांनाच येतं. तुझ्यासारखी शहाणी माणसं मधेच जातात."

झालं उलटंच. तो गेला, मी राहिलो. त्याची कुचाळकी करायला कुणीतरी राहायला हवंच होतं म्हणा.

तो आमचा नव्हे. उत्तरेकडे मर्सियात, जिथल्या विहिरींना खारं पाणी लागतं आणि शिशाच्या कढयांत ते आटवून मीठ काढतात, तिथला. वर्षातून तीनदा यायचा. एक करडी घोडी, तिच्या गळ्यात घंटा, दोन्ही अंगांना मिठाची पोती, वर चरबी चोळलेलं कातडं. बोलायचा हेल काढून, प्रत्येक शब्द दोनदा चघळल्यासारखा. आमची पोरं त्याची नक्कल करायची. मोठी माणसंही करायची, फक्त मीठ मोजून झाल्यावर.

त्याला कशाची भीती वाटायची, यापेक्षा कशाची नाही वाटायची हे सांगणं सोपं. झाडीतले एल्फ न दिसता बाण मारतात आणि माणसाच्या बरगडीत उसण भरते, म्हणून तो पाठीवर लोखंडाचा तुकडा शिवून घ्यायचा. डोहातल्या राक्षसिणीची भीती. चौरस्त्यावर पुरलेल्या फासावरच्या माणसांची भीती. हंसाची भीती; आता हंसाला कोण घाबरतं? आणि गाईंची! एवढी गरीब जनावरं, पण समोर गाय आली की डुड्डा डोळे गच्च मिटायचा, मूठभर मीठ तळहातावर घ्यायचा आणि हात लांब करून उभा राहायचा. गाईला लाच द्यायचा हो! चाटून चाटून गाय कंटाळली की एक डोळा किलकिला करून विचारायचा, "गेली का?"

गेली कसली. आमच्या गाई त्याची घंटा ऐकली की कुंपणाला येऊन उभ्या राहायच्या.

पण सगळ्यांत मोठी भीती त्याला आमच्या रानाची होती. त्याचं पाप माझ्या माथ्यावर आहे.

कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. परका माणूस रस्ता सोडून रानात शिरला आणि ओरडला नाही, शिंग फुंकलं नाही, तर तो चोर. मारा, नाहीतर दंड घेऊन सोडा. माझ्या लहानपणी समुद्रापलीकडचा एक फ्रिसियन कंगवेवाला असाच आमच्या रानात भाल्यावर गेला. बिचारा लघवीला आत शिरला होता म्हणतात. त्याचे हाडाचे कंगवे कितीतरी वर्षं आमच्या बायकांच्या केसांत दिसायचे. ही गोष्ट मी डुड्डाला त्याच्या पहिल्या खेपेलाच सांगितली, आणि मग दर खेपेला. प्रत्येक वेळी कंगवेवाला जरा जास्त वेळ तडफडायचा. डुड्डा पाठीवरचा लोखंडाचा तुकडा चाचपायला लागला की आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारायचो.

त्याचा परिणाम असा की डुड्डा रस्ता न सोडताही शिंग फुंकायला लागला. प्रत्येक वळणावर तीनदा. झुडपापाशी एकदा. ससा आडवा गेला तरी एकदा. बैलाचं जुनं, पिवळं पडलेलं शिंग होतं ते, गळ्यात चामड्याच्या वादीने बांधलेलं, आणि घाबरला की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. रानाला वळसा घालून रस्ता गावाकडे येतो, तिथे तीन फुंका ऐकू आल्या की बायका मडकी घेऊन निघायच्या. सगळ्यांत पुढे बुग्गाआत्या.

बुग्गाआत्या म्हणजे माझ्या बायकोची आत्या. विधवा, भरदार अंगाची, आवाज असा की एलरफोर्डात बोलली तर नदीपलीकडचा माणूस मागे वळून बघेल. डुड्डा तिला माप भरून झाल्यावर वर एक चिमूट जास्त टाकायचा. मी बघितलंय. चिमूट कसली, मूठ.

"आत्याबाई, तुमच्या मडक्याला बूड आहे की नाही?" मी विचारायचो.

"माझ्या मडक्याचं बूड बघण्यापेक्षा स्वतःच्या छपराची भोकं बुजव, जावईबापू."

हे सगळं चालायचं. मग तो हिवाळा आला.

समुद्रापलीकडून आलेल्या डेन लुटारूंची फौज उत्तरेच्या मठात येऊन बसली होती. घोडे मिळवले होते त्यांनी, आणि धान्यासाठी, जनावरांसाठी टोळ्या करून गावोगाव फिरत होते. जनावरं कापायचा महिना नुकताच लागला होता. हिवाळ्यात खायला घालता येणार नाहीत ती जनावरं कापायची, मांस मिठात घालायचं, हा आमचा त्या महिन्याचा धंदा. आम्ही सुऱ्या पाजळल्या होत्या आणि डुड्डाची वाट बघत होतो. डुड्डाच्या आधी नदीपलीकडचा धूर दिसला.

त्याच दुपारी सगळं गाव रानात शिरलं. ते रान तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो: अर्धी दलदल, अर्धी झाडी, आणि मधोमध कोरड्या जमिनीचा एक उंचवटा, जिथे जायची पायवाट फक्त आमच्या गाईंना आणि आम्हाला ठाऊक. अकरा गाई नेल्या. वासरं त्यांच्याजवळच ठेवली, हंबरू नयेत म्हणून. आग पेटवायची नाही, कुऱ्हाड चालवायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. राय धान्याची शिळी भाकरी आणि कच्चे कांदे. आमची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. टेट्टाने, माझ्या बायकोने, तिला छातीशी असं दाबून धरलं होतं की मी थोड्याथोड्या वेळाने पोरीच्या नाकापाशी बोट नेऊन श्वास चालू आहे ना ते बघायचो. टेट्टा माझं बोट झिडकारायची. मग थोड्या वेळाने तीच हळूच म्हणायची, "बघ रे एकदा."

आमचा कारभारी हूनलाफ. कायद्याचा किडा. झोपेतही दंडाचे आकडे पुटपुटायचा असं त्याची बायको सांगायची. त्याने भाले वाटून पहारे लावले. माझ्या वाट्याला आलेला भाला माझ्या बापाचा, आणि मी आयुष्यात त्याने एकच डुक्कर मारलं होतं, तेही आधीच जखमी असलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुक्यात, हूनलाफला बुग्गाआत्याच्या मांडीवर रिकामं मडकं दिसलं.

"बुग्गा, लोकांनी तांब्याची भांडी आणली, पांघरुणं आणली. आणि तू मडकं?"

"महिना कुठला चाललाय कारभारी? मीठ नसेल तर काय सीब्बाच्या गप्पा लावून मांस टिकवू?"

कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच थांबलं. कारण हूनलाफ हसला नव्हता. त्याच्या डोक्यात जे आलं ते एकेकाच्या चेहऱ्यावर उतरत गेलं.

"डुड्डा," तो म्हणाला. "त्याची यायची वेळ झालीच आहे ना?"

डुड्डा येणार. आज, नाहीतर उद्या. वळणावर येणार आणि तीनदा शिंग फुंकणार. जवळपास डेन असतील तर ते ऐकणार, त्याच्यावर घोडे घालणार, आणि तो जीव घेऊन पळणार. कुठे पळणार? आमच्याकडे. आणि मागोमाग ते.

आयुष्यभर ज्या आवाजाची आम्ही मडकी घेऊन वाट बघितली, त्या आवाजाला आता सगळं गाव कान देऊन बसलं होतं, तो येऊ नये म्हणून.

"कुणीतरी पुढे जाऊन त्याला अडवायला हवं," हूनलाफ म्हणाला. "उत्तरेच्या रस्त्यावर. कोण जातं?"

मी माझ्या जोड्याची वादी बघायला लागलो. ती सुटली नव्हती. मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. बाकीच्यांनाही आपापल्या जोड्यांत बरंच काम निघालं. कुणी गेलं नाही. एवढं लक्षात ठेवा. नंतर मी डुड्डाला हसायला लागलो तर मला ह्याची आठवण द्या.

आता डुड्डाची बाजू. ही त्याने मला इतक्या वेळा सांगितली आहे की पहिल्या वेळचे दहा घोडेस्वार तो मरेपर्यंत चाळीस झाले होते. मी दहाच धरतो.

त्याच दिवशी, दुपार कलायच्या आधी, तो गावाच्या वरच्या टेकाडावर आला. धुकं होतंच. पहिली गोष्ट त्याला कळली ती ही, की कुत्री भुंकत नाहीत. दुसरी, एकाही छपरातून धूर नाही. तो घोडीच्या मानेला धरून उभा राहिला. मग धीर करून खाली आला. चर्चचा दरवाजा बिजागरीतून उपटून अंगणात टाकलेला. धान्याचे खड्डे उघडे, आणि भोवती चिखलात घोड्यांच्या टापाच टापा. आमच्या गावात तेव्हा दोन घोडे होते, त्यातला एक लंगडा.

तोंड उघडून तो ओरडणार होता, पण आवाज फुटायच्या आधी खालून, नदीच्या उताराकडून, माणसांचं बोलणं ऐकू आलं. परकं बोलणं. कुणीतरी हसलं. घोडा फुरफुरला.

तो मागे वळला. आणि मागून, ज्या रस्त्याने तो आला होता त्याच रस्त्याने, लगामांची खुळखुळ.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आमचं रान.

रानाच्या तोंडाशी बोरू तुडवलेले होते आणि ताजं शेण पडलं होतं. डुड्डा भित्रा होता, बावळट नव्हता. गाव कुठे गेलंय ते त्याला कळलं. आणि त्याच क्षणी, तो सांगायचा, त्याचा उजवा हात शिंगापाशी गेला. त्याने नेला नाही, गेला. वीस वर्षांची सवय. रानात शिरायचं म्हणजे फुंकायचं, नाहीतर सीब्बाच्या गावची माणसं कंगवेवाल्यासारखं भाल्यावर घेतात. शिंग ओठाला लागलं होतं. छातीत हवा भरली होती.

"मग?" मी विचारायचो.

"मग मला मडकं दिसलं."

"कुठलं मडकं?"

"बुग्गाबाईचं." एवढं बोलून तो खाली बघायचा. फुंकलं की ती मडकं घेऊन सगळ्यांत आधी बाहेर येणार, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे आलं. आता हे खरं की नंतर दारूत सुचलेलं, ते देव जाणे. पण तो भित्रा होता, खोटारडा नव्हता.

त्याने काय केलं असेल? शिंग खाली घेतलं. पण हाताचा भरवसा नव्हता. पहिली फांदी अंगावर आली की हात पुन्हा ते तोंडाला लावणार, आणि तोंड फुंकणार, हे तो ओळखून होता. म्हणून गुडघ्यावर बसून त्याने ओल्या दगडावरचं शेवाळ ओरबाडलं आणि शिंगात कोंबलं. दोन्हीकडून. बोटाने, मग काठीने ठासून. घोडीच्या गळ्यातली घंटा काढून मिठाच्या पोत्यात खोल खुपसली. झग्याचं टोपडं डोळ्यांवर ओढलं. आणि वीस वर्षं ज्या रानाच्या कडेनेसुद्धा जाताना बोंब मारायचा, त्या रानात डुड्डा मिठवाला मुक्याने शिरला. शिंग वाजवलं तर डेन, नाही वाजवलं तर आम्ही. त्याने आम्हाला निवडलं, आणि आम्ही मारणार हे धरूनच निवडलं.

घोडीला धरून तो बोरूंमधून एकेक पाऊल टाकत होता. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. प्रत्येक बुंध्याआड त्याला माणूस दिसत होता आणि प्रत्येक माणसाच्या हातात भाला. बरगडीत एल्फांचा बाण लागल्यासारखी उसण भरली होती. डोहातली राक्षसीण पाय ओढते असं वाटत होतं. ते शेवाळ होतं. मग समोर धुक्यातून काहीतरी मोठं, पांढरं पुढे आलं.

आता माझ्याकडे या.

मी उंचवट्याच्या काठावर पहाऱ्याला होतो. हूनलाफ दहा पावलांवर. नदीकडून घोड्यांची चाहूल आम्हालाही लागली होती, आणि उंचवट्यावर सगळी बायकामाणसं जमिनीला चिकटली होती. तेवढ्यात आमची म्हातारी गाय, ब्लोस्मा, उठली. नाक वर केलं. आणि चालायला लागली, सरळ पाण्यात, कुणीतरी दावं धरून ओढत असल्यासारखी. तिच्यामागे दुसरी. मग आणखी तीन.

"गाई नेतोय कुणीतरी," हूनलाफ माझ्या कानात म्हणाला. त्याचा श्वास कांद्याचा होता. अजून आठवतो.

"डेन?"

"टेहळ्या असेल. नाहीतर चोर. हाक ऐकलीस?"

"नाही."

"शिंग?"

"नाही."

"मग कायदा काय सांगतो?"

कायदा काय सांगतो ते मला ठाऊक होतं. मीच तर सांगत फिरायचो.

आम्ही गाईंच्या मागे पाण्यात उतरलो. गार पाणी मांडीपर्यंत आलं तरी मला कळलं नाही. भाल्याची काठी घामाने निसटत होती. वीसेक पावलांवर, धुक्यात, गाई गोल करून उभ्या होत्या. मधे एक माणूस. पाठमोरा, टोपडं घातलेला, हलत नव्हता, बोलत नव्हता. पलीकडे एक घोडा अर्धा झाडाआड.

तुम्ही म्हणाल, डुड्डाला ओळखलं कसं नाहीस? अहो, डुड्डा म्हणजे आवाज. घंटा, शिंग, "अगं बाई गं," "गेली का?" हा डुड्डा. मुका डुड्डा आम्ही कुणी बघितलाच नव्हता. मला दिसला तो एक परका माणूस, आमच्या गाईंमध्ये, गप्प.

मी थांबलो. एक श्वास थांबलो, हे मी शपथेवर सांगीन. मनात म्हणत होतो, ओरड रे बाबा. कोण असशील तो, एकदा ओरड. तो ओरडला नाही. मागे माझी पोर होती, तिच्या तोंडावर तिच्या आईचा हात होता.

मी भाला फेकला.

भीतीने माझा हात किती थरथरत होता याबद्दल मी आजवर देवाचे आभार मानत आलोय. भाला त्याच्या टोपड्याला घासून, कानावरून गेला आणि घोडीच्या पाठीवरच्या पोत्यात घुसला. घोडी बिचकली. तो माणूस गरकन वळला, आणि मला चेहरा दिसला.

डुड्डा. चेहरा पिठासारखा, डोळे बाहेर आलेले, कानावरून रक्ताचा ओघळ. एक हात पुढे केलेला, आणि त्या तळहातावरचं मीठ ब्लोस्मा सावकाश चाटत होती. दुसऱ्या हाताने त्याने ते पिवळं शिंग तोंडात आडवं घातलं होतं, घोड्याच्या लगामासारखं, आणि दात रोवून धरलं होतं.

कानावरून भाला गेला तरी तो माणूस ओरडला नाही. हंसाला बघून गाव गोळा करणारा माणूस! त्याच्या घशातून नुसती हवा येत होती, भात्यासारखी.

आणि मग आम्ही तिघंही जागच्या जागी गोठलो, कारण वळणावर घोडे थांबले होते.

साठ-सत्तर पावलं असतील. मधे धुकं आणि बोरू. एकजण काहीतरी बोलला. दुसऱ्याने उत्तर दिलं. एक घोडा रानाच्या तोंडाशी आला, पाण्यात पाय टाकला, पुन्हा मागे घेतला. चामड्याची करकर ऐकू येत होती इतकं जवळ. मला वाटलं, गाई आता हंबरतील. एक जरी हंबरली तरी संपलं. आणि नेमकं तेव्हा, भाल्याने पडलेल्या भोकातून मीठ धारेने खाली यायला लागलं, पालथ्या पडलेल्या बुंध्यावर, आणि पाचही गाई माना घालून ते चाटायला लागल्या. महिनाभर मिठाला आसुसलेल्या. खाल्ल्या मिठाला माणसं जागतात की नाही मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी आमच्या गाई जागल्या. एक शब्द काढला नाही.

किती वेळ गेला? मला सांगता येत नाही. हूनलाफ नंतर म्हणायचा, दोनदा प्रार्थना म्हणून झाली. डुड्डाच्या दाताखाली शिंग कुरकुरल्याचं मला ऐकू आलं. मग टापा हलल्या. दूर गेल्या. नदीत पाणी उडालं. आणि मग फक्त गाईंच्या जिभांचा आवाज.

तरीही आम्ही हललो नाही. हलली ती बुग्गाआत्या. मिठाचा वास तिलाही येतो की काय कोण जाणे. कमरेपर्यंत झगा भिजवत ती पाण्यातून आली, बुंध्यापाशी बसली, आणि एक शब्द न बोलता गाईंची तोंडं कोपराने ढकलत मीठ मडक्यात भरायला लागली. भरता भरता तिने आधी पोत्यातला भाला बघितला, मग डुड्डाचा कान, मग मला. त्या नजरेपेक्षा डेन बरे.

डुड्डाच्या तोंडातून शिंग निघेना. जबडा आवळला होता. हूनलाफने आणि मी मिळून तो सोडवला. पहिले शब्द काय बोलला असेल?

"शेवाळ आहे," तो कुजबुजला. "आत शेवाळ आहे. बघ. म्हणून वाजलं नाही. मी चोर नाही रे सीब्बा."

मी शिंग घेतलं. दोन्हीकडून ठासलेलं हिरवं शेवाळ, आणि मधोमध त्याच्या दातांचे खड्डे. मी वादी सरळ करून ते त्याच्या छातीवर सोडलं.

डेन चार दिवसांनी दक्षिणेकडे सरकले. आम्ही जनावरं कापली, मांस मिठात घातलं, त्या हिवाळ्यात एलरफोर्डात कुणी उपाशी मेलं नाही.

पण हूनलाफ हूनलाफच. पुढच्या महिन्याच्या सभेत, ओकच्या झाडाखाली, त्याने विषय काढलाच. "माझं त्याच्याशी वैर नाही. पण परका माणूस, रस्ता सोडून, आवाज न करता, गाईंमध्ये सापडला. कायदा माणूस बघत नाही. दंड नको तर नको, पण सभेने तो चोर नव्हता असं म्हटलं पाहिजे, आणि कशावरून ते सांगितलं पाहिजे."

रस्ते सुरक्षित होईपर्यंत डुड्डा गावातच राहिला होता; तो झाडाला टेकून उभा होता. कान बांधलेला. गावाने जिवंत ठेवलं आणि आता कायदा मारणार, असा चेहरा. थट्टा करायची सगळ्यांत उत्तम संधी होती, आणि मी पुन्हा माझ्या जोड्याची वादी बघत होतो.

बुग्गाआत्या उठली. "कारभारी, कायद्यात शब्द काय आहे? परका माणूस?"

"परका माणूस."

"ब्लोस्मा परक्या माणसाकडे जाते?"

हूनलाफने डोकं खाजवलं. ब्लोस्मा त्याच्याकडेही जात नसे. त्याला तिने दोनदा शिंगावर घेतलं होतं, आणि हे सगळ्या सभेला ठाऊक होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग हा परका नाही. बसते मी."

सभा मोडेस्तोवर लोक हसत होते. हूनलाफसुद्धा. डुड्डा मात्र हसला नाही. त्याने फक्त पाठ झाडावरून काढली.

वसंतात तो पुन्हा आला. आम्ही शेतात होतो. वारा त्याच बाजूचा, आणि घंटा लांबूनच ऐकू आली. बायकांनी मडकी घेतली. घंटा जवळ आली, वळणापर्यंत आली, आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. तीन फुंका येईनात.

मी कुंपणापाशी गेलो. लांबून दिसत होतं: डुड्डा रानाच्या तोंडाशी घोडीला धरून उभा, शिंग हातात, ओठापर्यंत नेतोय आणि खाली आणतोय. पुन्हा नेतोय. त्याचा हात आता उलटाच घाबरला होता. फुंकवतही नव्हतं, न फुंकता पुढे येववतही नव्हतं. डोळे झाडीवर, एकेका बुंध्यावर. त्याला काय दिसत होतं ते मलाच ठाऊक: तो तिथे माझा भाला बघत होता.

"अरे, हाक तरी मार त्याला," टेट्टा म्हणाली.

बुग्गाआत्या गुराख्याचं शिंग घेऊन आली आणि माझ्या छातीवर आपटलं.

"मी?" मी म्हणालो. "तुमचा आवाज मोठा आहे आत्याबाई, तुम्हीच—"

"तू फुंक. भाला तूच फेकला होतास."

मला शिंग फुंकता येत नव्हतं. पहिली फुंक वासरू अडकल्यासारखी निघाली. दुसरी त्याहून वाईट. बायका डोक्यावरचं फडकं तोंडाला लावून उभ्या. तिसऱ्या फुंकेला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दम लागल्यामुळे. दुसरं काही समजू नका.

वळणावर काही हललं नाही. मग डुड्डाने डोळे गच्च मिटले, गाईसमोर मिटायचा तसे, आणि घोडीला पुढे ओढलं. घंटा वाजली.

त्यानंतर एकवीस वर्षं, वर्षातून तीनदा, घंटा वळणावर येऊन थांबायची, आणि मी हातातलं काम टाकून कुंपणाशी जाऊन फुंकायचो. कधी चांगली फुंक जमली नाही. पण दर वेळी, तिसऱ्या फुंकेनंतर, घंटा पुन्हा हलायची.